लोण्याला लावलेला हात

नदीतलं बेट, न्यूयॉर्क
१० मार्च १९१२

विनी,

हे माझं बारावं पत्र. अकरा पत्रांना उत्तर आलं नाही, तेव्हा बाराव्याच्या उत्तराची वाट शहाण्या माणसानं पाहू नये. पण तुझी मोठी बहीण शहाणी असती तर या बेटावर कशाला आली असती?

मर्टीला जाऊन सव्वादोन वर्षं झाली. तुझ्या मुलाचं नाव लिहिताना माझा हात अडतो, पण न लिहिणं हा त्याहून मोठा भेकडपणा. त्याला पुरून आलो त्या दिवशी तू मला फाटकाबाहेर उभं केलंस आणि म्हणालीस, "हातात मरण घेऊन आलीस, आणि मला सांगितलंही नाहीस." आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टरनं आदल्याच दिवशी येऊन तुला सगळं सांगितलं होतं, त्यामुळे माझ्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं. आज बोलते.

तुझ्याकडे येण्याच्या वर्षभर आधी मी शहरात आरोग्य खात्याच्या कागदावर सही केली होती. मी स्वयंपाकाला होते त्या दोन घरांत टायफॉइड निघाला. त्यांनी मला धरून नेलं, तपासलं आणि सांगितलं, बाई, तुम्ही आजारी नाही, पण आजार तुमच्या पोटात राहायला आहे. मी म्हटलं, मग त्याला भाडं द्यायला सांगा. कोणी हसलं नाही. यापुढे दुसऱ्याच्या अन्नाला हात लावणार नाही, असं लिहून घेतलं आणि सोडलं. वीस वर्षं मोठमोठ्या घरांत रांधलेली बाई मी, परक्यांचे पायमोजे धुवायला लागले. म्हणून तुझं बोलावणं आल्यावर धावत सुटले. सात वर्षांत आपण भेटलो नव्हतो आणि तुझी गाईगुरं मी पाहिलीही नव्हती. दुधाच्या घरात जाऊ नये हे मला कळत होतं. पाहुणी म्हणून नुसती बसेन, असं मी मनाशी ठरवलं.

आणि आले ती नेमकी घुसळणीच्या दिवशी.

मी दारातच थांबले, आठवतं? लोणी येईपर्यंत बाहेर बसावं असा माझा विचार होता. पण तुझ्या सासूनं मला पाहिलं. "कोण गं ती दारात हात बांधून उभी? कामाला देवाची कृपा म्हण आणि दांडा धर, नाहीतर आमचं लोणी घेऊन जाशील." मी म्हटलं, हात दुखतोय. तर म्हातारी म्हणाली, "हात दुखतोय की नजर?" तू हसत होतीस, पण पिंपावरचा तुझा हात थांबला होता. तिकडे मायदेशी, आपल्या क्लेअरमध्ये, घुसळण चालू असताना पाद्री आला तरी टोपी काढून चार वेळा दांडा मारायचा. जो मारत नाही, त्याच्या पाठोपाठ घराचं लोणी जातं. पहिल्याच दिवशी सासरच्यांसमोर तुझी बहीण लोणीचोर ठरावी, हे मला सोसलं नसतं.

मी दांडा धरला. नऊ वेळा वरखाली केला आणि तुझ्या नवऱ्याच्या, थेडीच्या हातात दिला. एवढंच. दांड्याच्या वरच्या टोकाला लागलेला जंतू खाली दुधात उतरतो का, हे मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, उतरेलही, नाही उतरणारही. इथे सगळ्याच गोष्टींचं उत्तर असं मिळतं.

त्यांनी मला या बेटावर कोंडल्यापासून दर बुधवारी नर्स तपासणीची बाटली घेऊन येते. माझी घाण बोटीत बसून शहरात जाते आणि मी काठावरून तिला निरोप देते. तीन आठवडे कागद येतो, जंतू आहेत. मग दोन आठवडे, नाहीत. त्या दोन आठवड्यांत मी निर्दोष असते का, हे मात्र कागदावर लिहिलेलं नसतं. प्रकृतीनं मी ठणठणीत आहे, साधी सर्दी नाही.

तुझ्या मुलींना माझ्याकडून काय देऊ तेच कळत नाही. माझ्या हातून कोणी काही न घेतलेलंच बरं.

सबीना


२९ सप्टेंबर १९१२

विनी,

हे पत्र मी बोटीवर देणार नाही. तुझ्याशी बोलायची सवय लागली आहे आणि दुसरं कोणी ऐकणारं नाही, म्हणून लिहिते.

आज डॉक्टर फेल्डमन आले होते. तरुण आहेत, सभ्य आहेत. मी चहा विचारते, ते नको म्हणतात, आणि आम्ही दोघंही त्याचं कारण ठाऊक नसल्यासारखं दाखवतो. आज त्यांनी आधी टोपी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, तुमच्या बहिणीच्या गावात, एल्मस्टेडला, ऑगस्टपासून टायफॉइडचे पाच रोगी निघालेत. पाचही जण तुमच्या मेव्हण्याच्या गाडीवरचं दूध घेणारे.

"मिस हेहिर, तुम्ही पोहत तर गेला नाहीत ना?" ते म्हणाले.

मी हसले. मग हसू थांबलं. त्यांनी दुसरा एक कागद काढला. तेच गाव, तीच दुधाची गाडी, १९०७ साल, दोन रोगी. १९०७ साली मी शहरात एका घरी मासे तळत होते आणि तुझं शेत कुठल्या दिशेला आहे तेही मला ठाऊक नव्हतं.

त्यांनी विचारलं, लहानपणी तुम्हाला ताप आला होता म्हणालात, तेव्हा घरात आणखी कोणाला आला होता?

मी म्हटलं, वडिलांना. ते त्यातच गेले.

"आणि बहिणीला?"

"ती आत्याकडे होती."

इतक्या चटकन खोटं बोलले की माझं मलाच नवल वाटलं. तू आत्याकडे नव्हतीस, विनी. तू माझ्याच गादीवर होतीस. तू चार वर्षांची, मी अकराची. एकाच कात्रीनं आपले दोघींचे केस कापले. शेजारी दुधाचा डबा बांधावरच्या दगडावर ठेवून मागे न बघता पळायचे. तो आईला जाऊन आणावा लागे, आणि रिकामा डबा परत ठेवायची सोय नव्हती, तो आपल्याकडेच राहायचा. आपण उठलो तेव्हा वडील नव्हते. पुढे आईनं मला दम भरला, धाकटीचा ताप कधी बोलायचा नाही. तापाच्या घरचं लोणी बाजारात कोणी घेत नाही. एक मुलगी बदनाम झाली तेवढी पुरे. तुझ्याबद्दल कोणी विचारलं की आई सांगायची, विनी तेव्हा आत्याकडे होती. तुला स्वतःलाही तसंच वाटतं. आई गेली. आता हे जाणणारी जगात मी एकटी.

शंभर जण बरे झाले तर तिघाचौघांच्या पोटात जंतू मुक्काम करतो, असं डॉक्टर सांगतात. माझ्या पोटात केला. तुझ्याही केला असेल? एका गादीवरच्या दोघींच्या? मला काही कळेनासं झालंय.

आणि मार्चच्या पत्रात मी लिहिलं, नऊ वेळा, एवढंच. ते खोटं. एवढंच नव्हतं. लोणी वर आलं तेव्हा तू दोन्ही हातांनी ते काढून परातीत मळत होतीस. पाणी नीट निघत नव्हतं. वर्षभर पायमोजे धुतलेल्या माझ्या हातांना राहवलं नाही. तुला म्हटलं, सर बाजूला, तुला कधी आलंय हे, आणि कोपरापर्यंत बाह्या सारून मी मळायला घेतलं. मीठ घातलं, गोळा थापटला, त्यावर पानाचा ठसा काढला. तुझी सासू म्हणाली, "ही बाई शहरात फुकट चाललीय." तीन वर्षांत मला कोणी दिलेली तेवढी एकच शाबासकी. मग मर्टी आला. तू गरम पाव तोडलास, मी त्यावर बोटानं लोणी लावलं, त्यानं माझं बोट चाटलं आणि म्हणाला, "सबीना मावशी, अजून."

म्हणजे त्या लोण्यात तुझेही हात होते आणि माझेही. त्याच्या पोटात कोणाचा हात गेला?

खरं सांगू? डॉक्टरांनी तो दुसरा कागद दाखवला तेव्हा आधी मला आनंद झाला. अगदी उड्या माराव्यात असा. मी नव्हते, कदाचित मी नव्हतेच, असं मनात चार वेळा म्हटलं. पाचव्या वेळी मी नाही तर कोण, हे लक्षात आलं आणि स्वतःची शिसारी आली. आपलेच दात, आपलेच ओठ.


२० ऑक्टोबर १९१२

विनी,

हेही टाकणार नाही.

इथे शेजारच्या इमारतीत एक बेकरीवाला होता. त्याच्याही पोटात हाच भाडेकरू. त्याला गेल्या महिन्यात सोडलं. मी डॉक्टरांना विचारलं, त्याला का आणि मला का नाही? ते म्हणाले, त्याला चार मुलं आहेत, तो भट्टीला हात लावणार नाही असं त्यानं लिहून दिलंय. मी विचारलं, मग समजा एखादी बाई आहे, तिलाही मुलं आहेत, तिनंही लिहून दिलं तर?

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "लिहून तुम्हीही दिलं होतं, मिस हेहिर. तुमच्यानंतर बायकांच्या सहीवर वरची मंडळी विश्वास ठेवत नाहीत. बेकरीवाला बेकरी सोडतो. बाई स्वयंपाकघर कुठे सोडणार, असं ते म्हणतात."

म्हणजे मी दांडा धरला आणि तुझ्यासाठीही दार बंद केलं. मी नाव सांगितलं तर इन्स्पेक्टर तुझ्या फाटकाशी येईल, तुझ्या मुलींसमोर तुला गाडीत बसवेल. त्या गाडीतून मी गेलेय, विनी. दोन शिपायांनी मला दंडाला धरून नेलं तेव्हा एका शिपायाच्या मनगटाला मी चावले. तू चावणार नाहीस. तू मुकाट्यानं जाशील आणि त्याचंच मला जास्त भय वाटतं.

नाव नाही सांगितलं तर दुधाची गाडी रोज पहाटे गावात जाते.

तुलाच सांगितलं तर? तुला सांगायचं म्हणजे मर्टीचं सांगायचं. तुझ्या हातानं तू त्याला भरवलंस, हे तुला कोणी सांगायचं? आणि तेही नक्की नसताना? मी खात्रीनं म्हणू शकत नाही की तू होतीस. मी होते असंही म्हणू शकत नाही. या महिन्यात माझे तिन्ही कागद कोरे आलेत, गेल्या महिन्यात चारही भरलेले होते. मी तुझ्याकडे आले त्या ऑक्टोबरमध्ये कोणाचा महिना भरलेला होता, तुझा की माझा? हे देवालासुद्धा बाटली पाहूनच सांगावं लागेल.

आज डॉक्टरांनी सांगितलं की एल्मस्टेडची शाळामास्तरीण गेली. मिस पार्सन्स. बावीस वर्षांची होती. सकाळी शाळेत जाताना तुझ्याकडचं ताजं ताक प्यायची. "ती आत्याकडे होती," असं मी म्हटलं त्या दिवशी ती आजारी पडलेली होती की नव्हती? तारीख डॉक्टरांच्या कागदावर असणार. मी विचारली नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

ते आता तुमच्या विहिरीचं पाणी तपासायला माणूस पाठवणार आहेत. विहीर चांगली आहे. मी तिचं पाणी प्यायलेय.


९ नोव्हेंबर १९१२

विनी,

तुझं पत्र आलं. हे त्याचं उत्तर नाही, हेही टाकणार नाही. तीन वर्षांत पहिलं. पाकिटावरचं अक्षर पाहून नर्स म्हणाली, काही वाईट बातमी आहे का, तुमचा चेहरा उतरला. मी म्हटलं, नाही, चांगली आहे, म्हणून उतरला.

तू लिहितेस, मास्तरणीच्या अंत्ययात्रेत लोक तुझ्याशी बोलले नाहीत. तू लिहितेस, "तू तीन वर्षं कुलपात आहेस आणि ताप इथे आहेच. मग माझ्या मर्टीला नेणारी तू कशी? मी तुला फाटकाबाहेर काढलं. तू फक्त एक ओळ लिही, सबीना, की मी नव्हते. रविवारच्या बोटीनं मी मुलींना घेऊन येते आणि तुझे पाय धरते. आणि तू नव्हतीस तर कोण होतं, तेही तुला ठाऊक असेल तर लिही, मला झोप नाही."

ही दुसरी ओळ लिहिली नसतीस तर बरं झालं असतं.

मी चहा केला, तो तसाच गार झाला. मग कोऱ्या कागदावर लिहून पाहिलं, मी नव्हते. मी नव्हते. मी नव्हते. अक्षर चांगलं आलं. आणि मजा अशी की ते खरंही असेल. मुली केवढ्या झाल्या असतील? धाकटी मला ओळखणारही नाही. तुम्ही तिघी काठावर उतरताय, मी पायऱ्यांवरून खाली येतेय, इथपर्यंत मी दिवसभरात वीसदा गेले. आणि दर वेळी तू मला मिठी मारून कानात विचारतेस, मग कोण?

तुझ्यासमोर मला खोटं बोलता येत नाही. पत्रातून येतं, हे मार्चमध्ये सिद्ध झालंय.

मी देवाशी एक करार केलाय. तू दूध सोडलंस आणि नाताळपर्यंत त्या गावात नवा रोगी निघाला नाही, तर मी तोंड बंद ठेवेन. एक जरी निघाला तरी डॉक्टरांना गादीची गोष्ट सांगेन, मग तू मला जन्मभर शिव्या दे. तोवर कोणी मेलं तर ते माझ्या डोक्यावर. हे बरोबर आहे का? मला ठाऊक नाही. मिस पार्सन्सच्या आईला विचारलं तर ती काय म्हणेल ते मात्र ठाऊक आहे.


११ नोव्हेंबर १९१२

विनी,

तुझं पत्र मिळालं. एका ओळीत उत्तर मागितलंस ते देते. मीच होते.

मार्चमध्ये मी नऊ वेळा दांडा मारल्याचं लिहिलं, पण तुझं लोणी मी दोन्ही हातांनी मळलं ते लिहायची लाज वाटली. तू स्वतः पाहिलं आहेस. तुझ्या हातातून परात ओढून घेतली मी, तुला बाजूला सारलं मी. हात धुतले नव्हते. सही करून आले होते, सगळं जाणून होते, आणि तरी मर्टीला माझं बोट चाटू दिलं. यात कुठे शंका घ्यायला जागा आहे?

आता ताप अजून का आहे, ते सांगते. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, माझा जंतू फार चिवट जातीचा आहे. तो पिंपाच्या लाकडात शिरून बसतो. आणि ज्या हातांनी माझ्यानंतर ते लोणी उचललं, त्या हातांना, नखांच्या खाली, तो वर्षानुवर्षं राहतो. माझ्यानंतर लोणी तू उचललंस. म्हणून नीट वाच आणि सांगते तसं कर, कारण मी तुझ्या घरात घाण केली आहे आणि ती मला इथून पुसता येत नाही.

पिंप, दांडा, परात जाळून टाक. गाई वीक. थेडीला त्याच्या भावाबरोबर दगडाच्या खाणीत काम मिळेल, तो कुरकुर करेल, करू दे. तू दुधाला, लोण्याला, बाहेरच्या कोणाच्याही खाण्याला हात लावू नकोस, शेजारीण आजारी असली तरी सूप नेऊन देऊ नकोस. घरचा स्वयंपाक थोरलीकडे सोपव. ती दहाची झाली असेल, मी त्या वयात आईच्या हाताखाली रांधत होते. परसाकडून आल्यावर दर वेळी कढत पाणी आणि साबण, नखं बारीक कापलेली. एक दिवसही चुकवायचं नाही. घुसळण चालू असलेल्या कोणाच्या घरात जाऊ नकोस. गेलीसच आणि दांडा पुढे केला तर नाही म्हण. लोणीचोर म्हणतील. म्हणू देत. मला ते म्हणून घेता आलं नाही, तू म्हणून घे.

इन्स्पेक्टर विहीर तपासायला येईल. त्याच्याशी चांगलं बोल. लहानपणी ताप आला होता का असं विचारलं, तर आई जे सांगायची तेच सांग, तू आत्याकडे होतीस.

रविवारी येऊ नकोस. बोटीवर गर्दी असते आणि मला इथे कोणी आलेलं आवडत नाही. मुलींना माझ्याबद्दल जे सांगितलं असशील तेच राहू दे, ते बदलू नकोस.

आणि हे पत्र जाळू नकोस, विनी. कपाटात कपड्यांखाली ठेव. पुढेमागे कधी मनात भलतीसलती शंका आली, तर काढून वरची ती एक ओळ पुन्हा वाच.

तुझी बहीण
सबीना